पुदिन्याचं बी घेऊ नका, काडी घ्या

ऑनलाइन दुकानांत हल्ली 'दहा प्रकारच्या पुदिन्याचं बी' एकाच पाकिटात मिळतं. पेपरमिंट, चॉकलेट मिंट, ऑरेंज मिंट, आणि फोटोत चक्क गडद निळ्या पानांचाही एक. तो निळा पुदिना फोटो रंगवणाऱ्याच्या बागेत उगवतो, त्याचं सोडून देऊ. खरी अडचण पेपरमिंटची आहे, कारण त्याला बी धरतच नाही म्हटलं तरी चालेल. मग पाकिटातून उगवतं काय? नशीब चांगलं असेल तर साधा स्पिअरमिंट, म्हणजे आपला बाजारातला पुदिना, नाहीतर काहीच नाही.

पेपरमिंट हा संकर आहे. त्याचा एक पालक पाणथळ जागी वाढणारा वॉटर मिंट, म्हणजे मेंथा ॲक्वाटिका. दुसरा स्पिअरमिंट, म्हणजे मेंथा स्पायकाटा. पहिल्याच्या पेशीत ९६ गुणसूत्रं, दुसऱ्याच्या पेशीत ४८. दोघांनी आपापली निम्मी दिली की ४८ अधिक २४, एकूण ७२. पेशी वाढायला ७२ गुणसूत्रांची काहीच अडचण नसते, म्हणून झाड जोमदार असतं. पण परागकण तयार करताना गुणसूत्रांना नीट जोड्या लावाव्या लागतात, आणि दोन वेगळ्या जातींकडून असमान संख्येत आलेली ही गुणसूत्रं तिथे अडकतात. परागकण वांझ निघतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये हा संकर लोकांच्या नजरेस आला. तेव्हापासून तो काडीवरून काडी असाच पसरत गेला. अमेरिकेत पेपरमिंटच्या शेतांवर मर रोग आला तेव्हाही बीच नसल्यामुळे रोगप्रतिकारक वाणाशी संकर करता येईना. शेवटी जमिनीलगतच्या धावत्या फांद्यांवर किरणोत्सर्गाचा मारा केला आणि त्यातून तगलेली रोपं निवडून 'टॉड्स मिचम' हा वाण काढला.

स्पिअरमिंटला बी येतं, पण पिलं आईसारखी निघतीलच असं नाही. वास बहुधा बदलतो. म्हणून पुदिन्याचा हवा तो वाण हवा असेल तर त्याची काडी किंवा धावती फांदीच आणावी.

काडी आणायची तर वाण ओळखता आला पाहिजे, कारण नर्सरीतल्या पाट्यांवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. स्पिअरमिंटच्या पानाला देठ जवळजवळ नसतो, पान थेट खोडाला चिकटल्यासारखं दिसतं. पेपरमिंटच्या पानाला स्पष्ट देठ असतो, आणि खोड बहुधा जांभळट. चॉकलेट मिंट हा पेपरमिंटचाच एक वाण. जपानी पुदिना, ज्याला उत्तर प्रदेशातले शेतकरी नुसतं 'मेंथा' म्हणतात, त्याची फुलं शेंड्यावर तुऱ्यासारखी येत नाहीत, ती पानांच्या बेचक्यांत झुपक्यांनी येतात. ॲपल मिंटचं पान गोलसर आणि लवदार. 'मेक्सिकन मिंट' म्हणून जे जाड, मऊ पानांचं रोप विकतात ते पुदिन्याच्या मेंथा कुळीतलं नाहीच. ते आपलं ओव्याच्या पानाचं झाड, भजी करतात ते.

सगळ्यात सोपी परीक्षा मात्र नाकाची. पान बोटांत चुरगाळून खोल श्वास घ्या. नाकात गार झोत शिरला तर मेंथॉल आहे, म्हणजे पेपरमिंट किंवा जपानी. वास गोडसर, च्युइंगगमसारखा आणि गारवा नाही, तर कार्व्होन नावाचं सुगंधी द्रव्य, म्हणजे स्पिअरमिंट. लिंबूवर्गीय फुलांसारखा वास आला तर ऑरेंज मिंट.

आता थोडं रसायनशास्त्र, कारण पुदिन्याचं सगळं वैभव तिथेच आहे. नागपूरकरांना हे समजायला सोपं जावं, कारण सुरुवात संत्र्यापासून होते. संत्र्याची साल नखाने दाबली की जो फवारा उडतो, त्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग एकाच रेणूचा असतो: लिमोनीन. दहा कार्बन, त्यातल्या सहांचं एक कडं. संत्र्याचं झाड लिमोनीन बनवतं आणि सालीतल्या पिशव्यांत तसंच साठवून ठेवतं. पुदिनाही लिमोनीनच बनवतो, फक्त संत्र्यातल्या रेणूची आरशातली प्रतिमा असावी तसा. आणि तो तिथे थांबत नाही.

कड्यातल्या कार्बनांना क्रमांक असतात. पुदिन्याच्या पेशीत सायटोक्रोम पी-४५० कुळातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, लिमोनीनला धरतं आणि एका कार्बनावर ऑक्सिजन बसवतं. नागपूरच्या व्हेरायटी चौकात रस्ते फुटतात, तसा हा लिमोनीनचा व्हेरायटी चौक. ऑक्सिजन सहाव्या कार्बनावर बसला की रस्ता कार्व्हिऑलमार्गे दोन पावलांत कार्व्होनला जातो, आणि आपल्याला स्पिअरमिंट मिळतो. तिसऱ्या कार्बनावर बसला की लांबचा रस्ता सुरू होतो: आयसोपिपेरिटेनॉल, आयसोपिपेरिटेनोन, पुलेगोन, मेंथोन आणि शेवटी मेंथॉल. हा पेपरमिंट. एकदा तिसऱ्या कार्बनाकडे वळलेला रेणू परत कार्व्होनकडे येत नाही, म्हणून पेपरमिंटमध्ये कार्व्होन आणि स्पिअरमिंटमध्ये मेंथॉल नगण्य.

दोन्ही विकरं दिसायला जवळजवळ सारखीच. प्रत्येकात सुमारे पाचशे ॲमिनो आम्लांची माळ. मग एक सहावर आणि दुसरं तीनवर का बसतं? २००० साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात रॉडनी क्रोटो यांच्या प्रयोगशाळेतून उत्तर आलं. स्पिअरमिंटच्या विकरात ३६३ क्रमांकाच्या जागी फिनाइलॲलॅनिन असतं. ते काढून तिथे आयसोल्यूसिन बसवलं, बाकी माळेला हात लावला नाही. विकराने ऑक्सिजन सहाऐवजी तिसऱ्या कार्बनावर बसवायला सुरुवात केली. विकराच्या खोबणीत लिमोनीनचा रेणू जरासा वळून बसला, एवढंच झालं. पाचशेतला एक मणी बदलला आणि स्पिअरमिंटचं विकर पेपरमिंटचं झालं.

ऑरेंज मिंटचं प्रकरण याहून वेगळं. तिथे बहुतेक माल कड्यापर्यंत पोचतच नाही. कार्बनांची साखळी उघडीच राहते आणि तिचं लिनॅलूल व लिनॅलिल ॲसिटेट होतं. आणखी एक गंमत: स्पिअरमिंटच्या कार्व्होनची आरशातली प्रतिमा बाळंतशेपेत सापडते. अणू तेच, बंध तेच, फक्त मांडणी उलट, आणि वास इतका वेगळा की एकाची चटणी होते आणि दुसरं बाळंतिणीला चघळायला देतात. नाकातले वास टिपणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, प्रथिनांचे असतात आणि प्रथिनांना स्वतःलाच अशी एक बाजू असते, म्हणून त्यांना हा फरक कळतो.

हे सगळं घडतं पानावरच्या सूक्ष्म ग्रंथींत. दहापट मोठं दाखवणारं भिंग पानाच्या मागच्या बाजूला धरलं तर खळग्यांत बसलेले चमकदार, पिवळसर ठिपके दिसतात. प्रत्येकात आठ स्रावी पेशींची चकती आणि तिच्यावर पातळ आवरणाचा फुगा. तेल त्या फुग्यात. पान वाढत असतानाच, साधारण पहिल्या वीसेक दिवसांत, तेल बनून पूर्ण होतं. नंतर फक्त आतली घडण बदलते. पेपरमिंटच्या कोवळ्या पानात मेंथोन जास्त, जुन्या पानात त्याचं मेंथॉल झालेलं. म्हणून चहात टाकायला शेंड्याची दोन पानं सोडून खालची घ्यावीत.

फुगा फुटेपर्यंत तेल फारसं बाहेर येत नाही. 'खिडकीत पुदिन्याची कुंडी ठेवा, डास येणार नाहीत' या सल्ल्याचा फोलपणा इथेच कळतो. कुणी चुरगाळल्याशिवाय झाड वास सोडत नाही, आणि डासांना ते चुरगाळायचं कारण नाही. उलट कुंडीखालच्या बशीत पाणी साचलं तर डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासांची सोय होते. तीच गत 'पुदिना उष्णता काढतो' याची. मेंथॉल आपल्या मज्जातंतूंवरच्या टीआरपीएम-८ नावाच्या ग्राहकाला उघडतं. एरवी तो गारव्याने उघडतो, म्हणून मेंदूला गार लागल्याचा निरोप जातो. या ग्राहकाचा शोध २००२ मध्ये लागला. मेंथॉल वापरून त्याच्यापर्यंत स्वतंत्रपणे पोचलेले डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन २०२१ च्या नोबेलचे मानकरी. पण निरोप आला म्हणून ताप उतरत नाही. ऊन लागलेल्या माणसाला सावली, अंगावर पाणी, मीठ-साखरेचं पाणी आणि दवाखाना हवा. पुदिन्याचं सरबत त्याने बरं झाल्यावर प्यावं.

आता कुंडीकडे. नागपुरात लावणीला ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. बाजारातल्या जुडीतून जाड, हिरवी, न सुकलेली काडी निवडा. आठ-दहा सेंटिमीटरचा तुकडा, पेऱ्याच्या लगेच खाली कापलेला. खालची पानं काढा, दोन पेरी पाण्यात बुडतील असं ठेवा, दर दुसऱ्या दिवशी पाणी बदला. पेऱ्यातून मुळं फुटायला आठ-दहा दिवस पुरतात. मुळं दोन-तीन सेंटिमीटरची झाली की मातीत लावा. फार लांब होऊ दिली तर पाण्यातली मुळं मातीत तग धरत नाहीत. मे महिन्यात हा उद्योग करू नये, कोमट पाण्यात काड्या सडतात.

कुंडी खोल नको, पसरट हवी. आठ इंच खोल आणि बारा-चौदा इंच रुंद. धावत्या फांद्या आडव्या पळतात, खोली वाया जाते. आपली काळी माती ओली असताना फुगून चिखल होते आणि सुकली की भेगाळून मुळं तोडते, म्हणून तिचं प्रमाण पाव भागाच्या वर नको. एक भाग काळी माती, एक भाग बारीक मुरूम किंवा लाल माती, एक भाग गांडूळखत, आणि उरलेल्या भागात निम्मी जाड रेती, निम्मं कोकोपीट. काळ्या मातीत चुना भरपूर असतो, त्यामुळे लोह असूनही झाडाला मिळत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की हेच कारण. एक लिटर पाण्यात तीन ग्रॅम फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम लिंबूसत्त्व मिसळून संध्याकाळी फवारा, आणि आठवडाभर पानं तोडू नका.

एका कुंडीत एकच वाण. 'पेपरमिंट आणि साधा पुदिना शेजारी लावला तर एकमेकांचा वास बिघडतो' असं म्हणतात, ते खरं नाही. परपरागीकरण झालं तरी त्याचा परिणाम बियांत उतरतो, आधीच्या पानांत नाही. होतं असं की एकाच कुंडीत दोन वाण असले की दांडगा वाण वर्षभरात दुसऱ्याला दाबून टाकतो, आणि आपल्याला वाटतं वास बदलला.

नागपूरच्या उन्हाळ्यात पुदिना उन्हापेक्षा तापलेल्या कुंडीने जास्त मरतो. गच्चीवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत मुळांजवळची मातीच चाळिशी ओलांडते. पांढरी किंवा मातीची कुंडी घ्या, तिच्याभोवती ओलं बारदान गुंडाळा, पूर्वेकडच्या गॅलरीत हलवा, वर पन्नास टक्के सावलीची हिरवी नेट. दुपारी पानं मलूल झाली आणि माती बोटाला ओली लागली तर आणखी पाणी घालू नका. मुळांना तेवढं पाणी ओढता येत नसतं, जादा पाण्याने ती सडतात. मेच्या सुरुवातीला झाड पाच सेंटिमीटरवर छाटून, वर वाळका पाला पसरून सावलीत ठेवलं तर जमिनीतल्या फांद्या जगतात आणि पाऊस लागला की फुटतात. ॲपल मिंटचा पांढऱ्या काठांचा वाण, ज्याला पायनॅपल मिंट म्हणतात, तो मात्र इथला मे क्वचितच पाहतो. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, तो आधी करपतो.

एक चूक घरोघरी होते. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी पुदिन्याला घालतात. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. जाळीवर जमणारा पांढरा थर तोच. बोअरचं पाणी असेल तर आणखी जास्त. अशा पाण्याने दोन-तीन आठवड्यांत पानांच्या कडा तपकिरी होतात, आणि लोक त्याला उन्हाचा दोष देतात. नळाचं साधं पाणी द्या आणि महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर पाणी वाहू देऊन क्षार धुऊन काढा.

पेपरमिंट लावणाऱ्यांनी फार अपेक्षा ठेवू नये. त्याला लांब दिवस आणि गार रात्री आवडतात. नागपूरचा सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आतच संपतो आणि मेच्या रात्री गार नसतात. अशा वेळी पुलेगोनचा बराच भाग मेंथोनकडे न जाता मेंथोफ्युरानकडे वळतो आणि पान कडवट, औषधी लागतं. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री गार आणि ऊन स्वच्छ असतं, तेव्हा त्याचा वास सर्वांत नितळ. त्या दिवसांत कुंडी पूर्ण उन्हात ठेवा, सावलीत पानं मोठी होतात पण तेल कमी भरतं. बारा महिने सांबार-पुदिन्याची (सांबार म्हणजे कोथिंबीर) चटणी हवी असेल तर स्पिअरमिंटच बरा.

एप्रिलमध्ये पानांवर टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके आणि मागे बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. पानाच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा तीन-चार दिवस मारा, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. पावसाळ्यात मागच्या बाजूला नारिंगी भुकटीचे फोड आले तर तांबेरा. पानं वेचत बसू नका, सगळं झाड मातीलगत कापा आणि कापलेलं कंपोस्टमध्ये न टाकता घराबाहेर घालवा. वर्षभराने कुंडीचा मधला भाग टकला होतो आणि कडेलाच हिरवं उरतं, कारण फांद्या बाहेर पळाल्या आणि मधली मुळं म्हातारी झाली. डिसेंबर-जानेवारीत कुंडी उलटी करा, कडेच्या पांढऱ्या, रसरशीत फांद्यांचे आठ-दहा सेंटिमीटरचे तुकडे करा आणि ताज्या मातीत चार-पाच सेंटिमीटर खोल आडवे पुरा. उरलेले शेजारी वाटा, वाणाचं नाव लिहून.