अमेरिकेत पदवी आणि आर्थिक मदत: सीएसएस प्रोफाइल कसा भरावा

बारावीनंतर अमेरिकेत शिकायचं आहे, पण पूर्ण फी घरून झेपणारी नाही, असं असेल तर कॉलेजांची यादी करताना रँकिंगच्या आधी एक गोष्ट तपासा. परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली तर त्याच्या प्रवेशावर परिणाम होतो का? हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ इथे होत नाही, आणि प्रवेश मिळाला की कॉलेजने ठरवलेली गरज पूर्ण भागवली जाते. बाकी बहुतेक ठिकाणी होतो. तरीही 'आधी प्रवेश घेऊ, मदत पुढच्या वर्षी मागू' हा बेत करू नका. पहिल्या अर्जात मदत मागितली नाही तर अनेक कॉलेजं नंतर दारात उभं करत नाहीत.

'फाफ्सा', म्हणजे अमेरिकी सरकारच्या मदतीचा अर्ज, आपल्यासाठी नाही. बरीच खासगी कॉलेजं सीएसएस प्रोफाइल मागतात, म्हणजे कुटुंबाच्या उत्पन्न-मालमत्तेची माहिती देणारा ऑनलाइन फॉर्म. तो १ ऑक्टोबरला उघडतो. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. ही फी जड जात असेल तर कॉलेजच्या एड ऑफिसला (आर्थिक मदत कार्यालयाला) ईमेल करून फी माफीचा कोड मागा, काही कॉलेजं देतात.

कागदपत्रं: आई-वडील दोघांचे आयटीआर, फॉर्म १६ किंवा पगारपत्रकं, बँक स्टेटमेंट, ठेवी आणि कर्जांचे तपशील. मराठी कागदांसोबत इंग्रजी भाषांतर जोडा. आयटीआर भरत नसाल तर तसं सहीनिशी लिहून द्या.

खरी अडचण शेतकरी कुटुंबांची. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे आयटीआरमध्ये जवळपास काहीच नाही आणि सातबाऱ्यावर मात्र चार एकर जमीन. तिकडच्या अधिकाऱ्याला हा मेळ लागत नाही. त्यात सातबाऱ्यावर काका-आत्यांचीही नावं असतात. म्हणून एका पानाचं पत्र जोडा: आपल्या वाट्याचं क्षेत्र किती, पिकं कोणती, आडत्याच्या पट्ट्यांप्रमाणे विक्री किती, खर्च किती. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला द्यायचा असेल तर त्यावरचा आकडा बँकेतल्या जमेशी जुळतो का ते आधी पाहा. दाखल्यावर साठ हजार आणि खात्यात वर्षाला चार लाख जमा, असं दिसलं की अख्ख्या अर्जावर शंका येते.

फॉर्ममध्ये चलन रुपया निवडलं की सगळे आकडे रुपयांतच, पूर्ण लिहा: साडेआठ लाख म्हणजे ८५००००. अमेरिकेचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. कोणत्या वर्षाचे आकडे दिलेत हे स्पष्टीकरणाच्या रकान्यात नमूद करा. पालक दरवर्षी किती देऊ शकतील, या प्रश्नाला चारही वर्षं खरोखर झेपेल तोच आकडा लिहा.

निवड झाल्यावर कॉलेजची मदत आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदावर, छापून येते. व्हिसासाठी पैशांचा पुरावा उरलेल्या रकमेपुरताच लागतो. सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) ३५० आणि व्हिसा अर्जाचे १८५ डॉलर मात्र आधी स्वतःच भरावे लागतात.