हृदय प्रत्यारोपण (केईएम रुग्णालय, परळ)

हार्ट फेल्युअरच्या अगदी शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटचं हृदय काढून तिथे ब्रेन डेड झालेल्या, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेल्या माणसाचं हृदय बसवणं म्हणजे हृदय प्रत्यारोपण. भारतात हे पहिल्यांदा झालं ते परळच्या केईएममध्ये, महापालिकेच्या हॉस्पिटलात, 17 फेब्रुवारी 1968 ला. केपटाउनला डॉ. बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं केलं होतं 3 डिसेंबर 1967 ला, म्हणजे मधे जेमतेम अडीच महिने गेले होते आणि डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या टीमचं ऑपरेशन जगात सहावं होतं.

पेशंट साधारण तीन तास जगला. त्याच वर्षी दुसरं केलं, तोही पेशंट काही तासांतच गेला आणि मग सगळं थांबलं. याला नुसतं "फेल गेलं" म्हणून मोकळं होणं मला बरोबर वाटत नाही, कारण केपटाउनचा पहिला पेशंटसुद्धा 18 दिवसच जगला होता आणि नंतर जगभरातच बहुतेकांनी हे ऑपरेशन बंद केलं. सेन आणि त्यांच्या टीमने आधी कित्येक वर्षं कुत्र्यांवर प्रयोग करून हात बसवला होता, कमी होतं ते बाकीचं. शरीर परकं हृदय नाकारतं ते रोखणारं सायक्लोस्पोरिनसारखं औषध 1980 च्या दशकात आलं आणि ब्रेन डेथ मानणारा कायदा आपल्याकडे थेट 1994 मध्ये. त्याच वर्षी 3 ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं. मुंबईत यश मिळालं ते 3 ऑगस्ट 2015 ला, मुलुंडच्या फोर्टिसमध्ये, हृदय पुण्याहून आणलं होतं. आणि केईएममध्ये पुन्हा प्रत्यारोपण झालं जुलै 2024 मध्ये, 56 वर्षांनी!

आता हार्ट फेल्युअर म्हणजे काय ते नीट सांगायला हवं, कारण आपल्याकडे "हार्ट फेल झालं" म्हणजे माणूस गेलाच असं धरतात. तसं नाहीये. हृदय चालू असतं पण पंप कमजोर झालेला असतो, टू-डी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे एका ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, 55-60 च्या जागी 25-20 दिसतो, जिना चढताना दम लागतो, संध्याकाळी पाय सुजतात, मोजा काढला की घोट्यावर वळ राहतो आणि रात्री दोन-तीन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही. बहुतेकांचं गोळ्यांवर वर्षानुवर्षं छान चालतं, पण घरी वजनकाटा हवाच, रोज सकाळी लघवी करून आल्यावर काही खायच्या आधी वजन बघायचं आणि वहीत लिहायचं, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी असतं, लगेच डॉक्टरांना फोन. पापड, लोणचं, फरसाण बंद आणि पाणीसुद्धा डॉक्टर सांगतील तेवढंच.

एवढं करूनही भागलं नाही तर प्रत्यारोपणाच्या वेटिंग लिस्टवर नाव लागतं. ब्लड ग्रुप जुळावा लागतो, दात्याचं वजन-उंची साधारण जवळची लागते आणि पेशंटच्या फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब फार वाढलेला चालत नाही. दात्याकडे चार डॉक्टरांचं पॅनल किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासतं, मग ब्रेन डेड जाहीर होतं, मग नातेवाईकांना विचारतात, आणि ज्या घरात अजून रडणं थांबलेलं नाही त्या घराने तेव्हा "हो" म्हणायचं असतं. पुढे घाई असते, कारण काढलेलं हृदय बर्फात ठेवून साधारण चार तासांत बसवावं लागतं, म्हणून तो ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे ॲम्ब्युलन्ससाठी पोलिसांनी मोकळा केलेला रस्ता.

नंतर शरीराने नवं हृदय नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस वगैरे गोळ्या जन्मभर, रोज ठरलेल्या वेळी, आणि पपनस खायचं नाही कारण त्याने रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी वाढते. रिजेक्शन होतंय का, म्हणजे शरीर हृदय नाकारतंय का ते बघायला मानेच्या शिरेतून तार घालून हृदयाचा कणभर तुकडा काढून तपासतात. नव्या हृदयाच्या नसा कापलेल्या असतात, त्यामुळे ते बसल्या जागीही 90-100 च्या आसपास धडधडतं आणि चालायला लागल्यावर जरा उशिरा वेग घेतं. छातीत दुखणंही बऱ्याचदा जाणवत नाही, म्हणून काहीही त्रास नसला तरी हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होत नाहीत ना ते बघायला ठराविक काळाने अँजिओग्राफी करून घ्यावी लागते.