वर्गणीतली कादंबरी

एप्रिल लागला की सोलापुरात दुपारी बारा ते पाच रस्ते ओस पडतात. पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असतो, खिडक्यांना ओले पडदे लागलेले असतात आणि वाचणाऱ्या घरांत सुट्टीच्या पुस्तकांची जुळवाजुळव चाललेली असते. आमच्या गल्लीतल्या चार घरांनी यंदा मिळून एका घरपोच पुस्तक योजनेची वर्गणी भरली आहे. दर महिन्याला पाच-सहा नव्या कादंबऱ्यांची यादी येते. त्यातल्या दोन निवडायच्या, आठवडाभरात पुडकं दारात. मे महिन्यासाठी कोणत्या दोन घ्यायच्या यावर परवा तासभर खल झाला. जाडजूड घ्यावी की दोन दुपारींत संपणारी? नावाजलेल्या लेखिकेची घ्यावी की पहिल्यांदाच लिहिणाऱ्याची? बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली मुलगी ती वाचेल का?

तेव्हापासून मनात येतंय की वर्गणी भरून कादंबरी वाचायची ही रीत आली कुठून, आणि त्यात निवड कोणाची चालत आली.

लंडनमध्ये १८४२ साली चार्ल्स एडवर्ड म्यूडी यांनी पुस्तकं वाचायला द्यायला सुरुवात केली. वर्षाची वर्गणी एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग. त्या काळी नवी कादंबरी तीन खंडांत निघायची आणि तिची किंमत साडेएकतीस शिलिंग असायची. एक कादंबरी विकत घेण्यापेक्षा वर्षभर वाचणं स्वस्त! तीन खंडांमागे हिशेबही होता : एकाच कादंबरीचे तीन भाग एकाच वेळी तीन वर्गणीदारांच्या घरी फिरू शकत. म्यूडींच्या पेट्या बोटीने हिंदुस्थानातही येत. मात्र कोणती कादंबरी घ्यायची हे म्यूडी स्वतः ठरवत. घरातल्या तरुण मुलींनी वाचण्याजोगी नाही असं त्यांना वाटलं की ती त्यांच्या फळीवर येत नसे, आणि तिथे न आलेली कादंबरी खपत नसे. लेखक लिहितानाच बिचकू लागले. पुढे तीन खंड सांभाळणं खुद्द ग्रंथालयांनाच जड झालं. १८९४ मध्ये त्यांनी प्रकाशकांना तसं बजावलं आणि काही वर्षांतच ती पद्धत संपली.

मराठीत कादंबरी आली तीही वर्गणीचं बोट धरून. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली पुस्तकरूपात निघाली खरी, पण रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ वाचकांना भेटली ती ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून, क्रमशः. हरि नारायण आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि आपल्या कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने त्यात दिल्या. ‘करमणूक’चा वर्गणीदार कादंबरी निवडत नव्हता. त्याने संपादक निवडला होता, आणि संपादकाने लिहिलेलं वाचत होता. मला हा विश्वास फार मोठा वाटतो.

तोवर वाचनालयांची सोय झाली होती. पुण्यात १८४८ साली नेटिव जनरल लायब्ररी निघाली होती, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबईचं १८९८चं. सोलापूरला आगगाडी आली १८६० मध्ये. पुण्या-मुंबईहून पुस्तकांचं पार्सल यायला बैलगाडीची वाट पाहायची गरज उरली नाही. १८७७ हे आमच्या गावाच्या लेखी जुनी मिल ही कापडगिरणी निघाल्याचं वर्ष, पण त्याच वर्षी टपाल खात्याने व्ही.पी. (व्हॅल्यू पेएबल) सेवा सुरू केली हे मला तितकंच मोलाचं वाटतं. कार्ड टाकायचं, पुस्तक दारात येतं, पैसे पोस्टमनच्या हातात. आज ज्याला कॅश ऑन डिलिव्हरी म्हणतो तेच हे. गावात पुस्तकाचं दुकान नसलं तरी वाचक पुस्तकाला मुकत नव्हता.

सोलापूरचं वाचन एकभाषी कधीच नव्हतं. मराठीच्या जोडीला घराघरांत तेलुगू आणि कन्नड आहे. हातमाग-यंत्रमागावरच्या कुटुंबांतली मुलं एका भाषेत बोलतात आणि दुसरीत वाचतात. १९४१ चं साहित्य संमेलन इथे भरलं ते वि. स. खांडेकरांच्या अध्यक्षतेखाली, म्हणजे तेव्हा घरोघरी वाचला जाणारा कादंबरीकार गावात आला होता. त्र्यं. वि. सरदेशमुखांसारखा कादंबरीकार तर याच गावात राहून लिहीत होता. त्यांना २००३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आपण आज ज्याला बुक क्लब म्हणतो तो न्यूयॉर्कमध्ये १९२६ साली हॅरी शेरमन यांनी उभा केला : ‘बुक ऑफ द मंथ क्लब’. पहिल्या पुस्तकाला सभासद होते ४,७५०. पाच परीक्षकांचं मंडळ नव्या पुस्तकांतून एक निवडायचं आणि ते टपालाने सगळ्यांना जायचं. पुढे नियम असा झाला की नको असेल तर आधी कार्ड पाठवून कळवायचं, नाही कळवलं तर पुस्तक येणारच. विसराळूपणावर चालणारा हा व्यवहार मला पटत नाही. त्याहून खटकते १९४० ची गोष्ट. रिचर्ड राइट या कृष्णवर्णीय लेखकाची ‘नेटिव सन’ ही कादंबरी क्लबने निवडली, पण आधी मजकुरात बदल करायला लावून. म्यूडींचीच तऱ्हा, शंभर वर्षांनी.

वर्गणी माणसाला भित्रंच करते असं मात्र नाही. १९७० च्या दशकात दिनकर गांगल आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ उभी केली. सभासदांनी पैसे आधी भरायचे, पुस्तक त्यांना कमी किमतीत मिळायचं. खपाची चिंता थोडी हलकी झाली आणि चळवळीने ते बळ धाडसासाठी वापरलं. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये आलं, लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ १९८० मध्ये. ही आत्मकथनं आहेत, कादंबऱ्या नव्हेत. पण मध्यमवर्गीय घरांतल्या कपाटात ती पोचली त्यात या आगाऊ पैशांचा वाटा आहे, आणि त्यानंतर मराठी कादंबरी पूर्वीसारखी राहिली नाही.

वाचनालयांचं म्हणाल तर मद्रास प्रांताने १९४८ च्या कायद्याने ग्रंथालयांसाठी उपकर, म्हणजे एक छोटा जादा कर, लावला होता. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात तसा उपकर नाही. अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्यानुसार अनुदान, बाकी भार संस्थेवर. त्यामुळे अनामत आणि महिन्याची वर्गणी हीच आपल्याकडच्या वाचनालयाची रीत राहिली. सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था आहे, आणि पेठापेठांत छोटी वाचनालयं होती. माझं वाचन अशाच एका छोट्या वाचनालयात घडलं. टेबलामागच्या काकू खाकी कव्हर घातलेलं पुस्तक हातात देत आणि म्हणत, “हे ने. पन्नास पानं वाच, नाही आवडलं तर उद्या बदलून देते.” माझ्या आईने काय वाचलं, मावशीने काय अर्धवट परत केलं, सगळं त्यांच्या ध्यानात असे. पाच परीक्षकांच्या मंडळाला हे कळणं शक्य नव्हतं.

उन्हाळ्याचं गणितही आपलं वेगळं आहे. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपलं नवं लेखन दिवाळीभोवती फिरतं. अंकात आलेली दीर्घकथा लेखक वाढवतो, तिची कादंबरी होते आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे पुस्तक येतं. मे महिन्याच्या यादीतली निम्मी नावं म्हणून ओळखीची वाटतात. दिवाळीत कुठेतरी त्यांची चुणूक दिसलेली असते.

आमच्या यादीतही तशी एक आहे. ती चौघींनी एकमताने पक्की केली. दुसरी एका नव्या मुलाची पहिलीच कादंबरी असावी असं माझं म्हणणं आहे, शेजारच्या वहिनींचं नाही. योजनेच्या यादीत प्रत्येकीबद्दल चार ओळी आहेत आणि चारही कौतुकाच्या. म्हणून शनिवारी संध्याकाळी ऊन उतरलं की आम्ही वाचनालयात जाणार आहोत. तिथे नव्या पुस्तकांचं टेबल असतं. उभ्याउभ्याने पहिली दहा पानं वाचू, काउंटरवरच्या ताईंना विचारू, मग रविवारी नाव कळवू.