लग्नाविना झालेलं मूल कोणाकडे? ताब्याच्या कायद्याची पार्श्वभूमी

लग्न न करता एकत्र राहणारं जोडपं वेगळं झालं, तर मूल कोणाकडे राहील हे ठरवणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा भारतात नाही. वेगवेगळ्या काळातल्या तरतुदी जोडून न्यायालयं मार्ग काढतात. त्यांत बापाची पोटगीची जबाबदारी फार जुनी आहे. पालक म्हणून त्याचं स्थान मात्र आजही दुसरं.

१८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८८नुसार अनौरस (लग्नाविना झालेल्या) मुलालाही बापाकडून पोटगी मिळत असे. १९७३च्या संहितेत ते कलम १२५ झालं, १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १४४ आहे. पालक नेमण्याचा आणि ताब्याचा सर्वधर्मीय कायदा १८९०चा, पालक व पाल्य कायदा. हिंदूंसाठी १९५६च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानं कलम ६मध्ये क्रम लिहून टाकला: औरस मुलाचे नैसर्गिक पालक आधी वडील, मग आई. अनौरस मुलाची आधी आई, मग वडील. पण कलम १३ प्रमाणे मुलाचं हित या क्रमाच्याही वर.

खरी गुंतागुंत इथेच आहे. दीर्घकाळ पतीपत्नीसारखं राहिलेलं जोडपं विवाहित असल्याचं कायदा गृहीत धरू शकतो. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुमारे ५० वर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्याबाबत तसं धरलं. हे गृहीतक लागू झालं की मूल औरस ठरतं आणि पालकत्वाचा क्रम उलटतो. त्यामुळे स्त्रीच्या पोटगीच्या दाव्यात ‘आमचं लग्न झालंच नव्हतं’ म्हणणारा पुरुष ताब्याच्या दाव्यात नेमकं उलटं म्हणू शकतो. दोन्हीकडची विधानं विसंगत असली की उलटतपासणीत ती अंगलट येतात.

एक गैरसमजही दूर करायला हवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१०च्या वेलुसामी निकालातल्या, लग्नासारख्या सहजीवनाच्या अटी (दोघंही लग्नाच्या वयाचे, लग्नाला पात्र, समाजात जोडपं म्हणून वावरणारे, बराच काळ स्वेच्छेनं एकत्र) घरगुती हिंसाचार कायद्याखाली दाद मागणाऱ्या स्त्रीसाठी आहेत. मुलाच्या पोटगीला त्या लागत नाहीत.

६ जुलै २०१५चा निकाल महत्त्वाचा. एका अविवाहित ख्रिस्ती आईला मुलाला गुंतवणुकीत नॉमिनी म्हणून नेमायचं होतं. तिला बापाचं नाव सांगा किंवा पालकत्वाचा दाखला आणा असं सांगितलं गेलं. नाव सांगायला तिनं नकार दिला, म्हणून खालच्या दोन्ही न्यायालयांनी तिला परत पाठवलं. सर्वोच्च न्यायालयानं बापाला नोटीस देण्याची सक्ती काढली आणि प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला द्या, असा आदेश दिला. बापाचा मार्ग मात्र बंद झाला नाही: पालकत्वाचे आणि ताब्याचे आदेश कधीच अंतिम नसतात, नंतरही ते बदलून मागता येतात.

अर्ज कुठे करायचा, यावरच बरेच दावे अडतात. १८९०च्या कायद्याचं कलम ९ मूल नेहमी जिथे राहतं तिथलं न्यायालय सांगतं, अर्जदार राहतो तिथलं नव्हे. पुणे, नागपूरसारख्या ठिकाणी कुटुंब न्यायालय, ते नसेल तिथे जिल्हा न्यायालय. निकालाला वेळ लागतो, म्हणून कलम १२खाली अंतरिम ताबा किंवा भेटीचे दिवस पहिल्याच तारखेला मागावेत.

बाप मूल घेऊन गेला, तर केवळ अपहरणाच्या फिर्यादीवर विसंबू नये. आपण अनौरस मुलाचे बाप आहोत असं प्रामाणिकपणे मानणाऱ्याला १८६०च्या दंड संहितेच्या कलम ३६१नं, बेकायदा वा अनैतिक हेतू नसेल तर, अपवाद दिला होता. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७मध्ये तो कायम आहे. अशा वेळी उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची (हेबियस कॉर्पस, म्हणजे ताब्यातल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करायला लावणारी) याचिका हा जलद मार्ग ठरतो.