कॅर पॉइंटर आणि इंट पॉइंटर: पत्ता एक, वाचन वेगळं

सी भाषेत पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवणारा व्हेरिएबल; कॅर हा एका बाइटचा टाइप, इंट इथे चार बाइटचा. ६४ बिटच्या लिनक्स मशीनवर कॅर पॉइंटर आणि इंट पॉइंटर साइझऑफने (आकार सांगणारा ऑपरेटर) मोजून बघा, दोन्हींचं उत्तर ८ बाइट येतं. म्हणून अनेकांना वाटतं, पत्ता तो पत्ता, टाइप कुठलाही लिहिला तर काय बिघडलं? बिघडतं ते स्टार (*) लावून, म्हणजे त्या पत्त्यावरची किंमत वाचताना.

एका इंटमध्ये हेक्समधली (सोळाच्या पायातली) १२३४५६९० ही संख्या ठेवा. दशमानात ती ३०५४१९९२०. इंटेल, एएमडीचे प्रोसेसर लिटल एंडियन, म्हणजे संख्येचा शेवटचा बाइट आधी ठेवणारे असल्याने मेमरीत बाइट ९०, ५६, ३४, १२ असे बसतात. आता त्याच पत्त्यावर दोन पॉइंटर लावा. इंट पॉइंटर चारही बाइट एकदम उचलतो आणि ३०५४१९९२० परत देतो. अनसाइन्ड (ऋण संख्या नसलेला) कॅर पॉइंटर पहिलाच बाइट उचलतो: हेक्स ९०, म्हणजे १४४. बिग एंडियन (उलट क्रमाच्या) मशीनवर पहिला बाइट १२ असता आणि उत्तर १८ आलं असतं. मेमरीत टाइपची नोंद कुठेच नसते. किती बाइट उचलायचे हे कंपायलर पॉइंटरच्या टाइपवरून ठरवतो.

अनसाइन्ड मुद्दाम लिहिलंय. नुसता कॅर साइन्ड की अनसाइन्ड, हे सीच्या स्टँडर्डने कंपायलरवर सोडलं आहे. इंटेलवर जीसीसी हा कंपायलर तो साइन्ड धरतो, त्यामुळे तोच बाइट −११२ दिसतो आणि हेक्समध्ये छापला तर ९० च्या आधी सहा एफ येतात. मेमरीत ते एफ शोधू नका, सापडणार नाहीत. छापणाऱ्या प्रिंटएफ फंक्शनला देताना कॅरचा इंट होतो आणि साइन बिट (धन की ऋण हे सांगणारा) डावीकडे पसरतो, त्यातून ते येतात.

पॉइंटरमध्ये १ मिळवला की पत्ता २००० वरून कॅरसाठी २००१ होतो, इंटसाठी २००४.

खरा धोका उलट्या दिशेला आहे. इंटचे बाइट कॅर पॉइंटरने वाचायला सी पूर्ण मुभा देतं. कॅर ॲरेचा पत्ता इंट पॉइंटरमध्ये कास्ट करून (टाइप बदलून) वाचायला मात्र नाही. पत्ता ४ च्या पटीत नसेल तर काही प्रोसेसरवर प्रोग्रॅम तिथेच कोसळतो. पत्ता नीट असला तरी ऑप्टिमायझर (कोड वेगवान करणारा कंपायलरचा भाग) असं गृहीत धरतो की इंट पॉइंटर कॅर ॲरेकडे बोट दाखवणारच नाही, आणि त्या भरवशावर वाचन-लेखनाचा क्रम बदलू शकतो. लॅपटॉपवर बरोबर उत्तर आलं, एवढ्यावर विसंबू नका. फाइल किंवा नेटवर्कच्या बफरमधून इंट काढायचा तर मेमकॉपी या बाइट कॉपी करणाऱ्या फंक्शनने चार बाइट इंटमध्ये उतरवा. ऑप्टिमायझेशन चालू असेल तर कंपायलर बहुधा त्याची एकच लोड इन्स्ट्रक्शन करतो. फक्त बाइटचा क्रम समोरच्या मशीनचा, आपल्याहून वेगळा असेल, तर तो आपणच फिरवून घ्यायचा.