गोल्डन रिट्रीव्हरचं वेत: डीएनएचा रिपोर्ट वेगळा, खुब्याचा एक्स-रे वेगळा

‘आईबाप दोघंही डीएनए टेस्टेड आहेत,’ असं ऐकलं की गोल्डनचं पिल्लू घेणाऱ्याला वाटतं, चला, खुब्यांचीही काळजी मिटली. मिटलेली नसते. त्या रिपोर्टात खुब्यांची तपासणी झालेलीच नसते. कामाच्या गोल्डनच्या बाबतीत तर हा घोळ फार महागात पडतो. पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ झालेल्या जमीनदाराने १८६८ मध्ये स्कॉटलंडमध्ये नूस हा पिवळा रिट्रीव्हर आणि बेल ही ट्वीड वॉटर स्पॅनियल यांचं वेत घेतलं. त्याला बंदुकीने पाडलेला पक्षी पाण्यातून, झाडोऱ्यातून अलगद तोंडात धरून आणणारा कुत्रा हवा होता. ब्रिटनमध्ये कामाच्या लाइनचे गोल्डन आजही हिवाळ्यात हेच करतात: दगडी कुंपणावरून उडी, गार पाण्यात पोहणं आणि तोंडात पक्षी धरून पुन्हा तीच उडी. त्याला खुबेही लागतात आणि डोळेही.

डीएनएचं काम सोपं आहे. गालाच्या आतून ब्रश फिरवायचा, तो लॅबला पाठवायचा. पिल्लू काही आठवड्यांचं असलं तरी चालतं आणि उत्तर जन्मभर बदलत नाही: क्लिअर (बिघाड नाही), कॅरियर (बिघाडाची एकच प्रत, स्वतः निरोगी) किंवा अफेक्टेड (दोन्ही प्रती बिघडलेल्या). एकाच जनुकातल्या बिघाडाने होणाऱ्या आजारांना ही चाचणी लागू पडते. पीआरए (प्रोग्रेसिव्ह रेटिनल अ‍ॅट्रॉफी) हा त्यातला मोठा. यात डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होतो. आधी संधिप्रकाशातलं दिसेनासं होतं, मग सगळंच. लक्षणं दिसेपर्यंत कुत्र्याची पिल्लं बहुतेकदा जन्मून गेलेली असतात, म्हणून चाचणीचं मोल मोठं. मात्र गोल्डनमध्ये पीआरएचे तीन वेगवेगळे बिघाड ठाऊक आहेत. एकाला क्लिअर म्हणजे तिन्हींना क्लिअर नव्हे, तेव्हा रिपोर्टवर तिन्ही नावं शोधावीत.

खुब्याचं तसं नाही. हिप डिस्प्लेझियामागे, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्यामागे, अनेक जनुकं आहेत, शिवाय वजन, वाढीचा वेग आणि व्यायाम. लॅब्रॅडॉरच्या ४८ पिल्लांवर झालेल्या एका दीर्घ अभ्यासात चौथा हिस्सा कमी खाणाऱ्यांचे खुबे कमी झिजले, आणि ती सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली. म्हणून सांधाच बघावा लागतो. कुत्र्याला गुंगी देऊन उताणं झोपवतात, मागचे पाय सरळ ओढतात आणि गुडघे आत वळवतात. मांडीच्या हाडाचं गोल डोकं खोबणीत किती खोल बसतं, कडा झिजल्यात का, हे एक्स-रेवर दिसतं. ब्रिटिश पद्धतीत प्रत्येक खुब्याच्या नऊ गोष्टी तपासून ० ते ५३ गुण देतात. जितके कमी तितकं चांगलं. तिथे कुत्रा किमान एक वर्षाचा हवा, तर अमेरिकेत ओएफए या संस्थेचा कायमचा दाखला दोन वर्षांनंतरच मिळतो. सहा महिन्यांच्या पिल्लाचा एक्स-रे बघून कुणी ‘छान आहे’ म्हटलं, तर तो दाखला नव्हे.

आता समजा, एक मादी कामाला अव्वल आहे. नाक उत्तम, शिकायची हौस दांडगी, खुबे ४:४ (दोन खुब्यांचे गुण), पण पीआरएच्या एका प्रकाराची कॅरियर. समोर दोन नर आहेत. पहिला सगळ्याला क्लिअर, खुबे १२:९. दुसऱ्याचे खुबे ३:३, पण तोही त्याच प्रकाराचा कॅरियर. दुसऱ्याकडून सरासरी चारातलं एक पिल्लू आंधळं होणार, म्हणून तो बाद. पहिल्याचा रिपोर्ट स्वच्छ आहे आणि इथेच लोक फसतात; २१ गुणांचे खुबे मी कामाच्या लाइनमध्ये घेणार नाही. तिसरा शोधावा: त्या एका बिघाडाला क्लिअर, खुबे कमी गुणांचे, आणि त्याच्या भावंडांचेही तसेच. एकट्या नराच्या आकड्यापेक्षा भावंडांचे आकडेही सोबत असले तर ते जास्त बोलतात. मादी क्लिअर असती, तर मी बेधडक दुसराच नर घेतला असता. कॅरियर रोगी नसतो; क्लिअर जोडीदारापासून झालेल्या पिल्लांत त्या बिघाडाचं कुणीच आजारी पडत नाही. कॅरियर म्हणून चांगली मादी बाजूला काढणं मला खरंच खटकतं, कारण तिच्यासोबत तिचे बाकीचे गुणही वंशातून जातात.

कोपरांचा एक्स-रे आणि हृदयतज्ज्ञाची तपासणीही याच दुसऱ्या, प्रत्यक्ष बघून करायच्या गटातली. डोळ्यांचंही सगळं डीएनएत सापडत नाही. पिगमेंटरी युव्हायटिस हा गोल्डनचा आजार बहुधा उतारवयात दिसतो, काचबिंदूपर्यंत नेतो आणि त्याला डीएनए चाचणी नाही. म्हणून नेत्रतज्ज्ञाकडून दरवर्षी तपासणी करायची, वेत बंद झाल्यावरही. नर ठरवताना त्याच्या दहा-अकरा वर्षांच्या आईबापाचे डोळे शेवटचे कधी तपासले, तेही विचारायचं.