शिश्नरोपणानंतरची शरीररचना व लैंगिक कार्य

गोळ्या किंवा इंजेक्शनांनीही लिंगाला ताठरता येत नाही, तेव्हा आत कृत्रिम दांड्या किंवा नळ्या बसवतात. या शस्त्रक्रियेला शिश्नरोपण म्हणतात. विदर्भाच्या खेड्यांत जुना मधुमेह हे कारण आहेच, पण गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळकडे सिकलसेलचा विचार आधी करावा लागतो. या आजारात विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी लिंगात अडकतात, रक्त बाहेर पडत नाही आणि इच्छा नसताना लिंग ताठ होऊन ठणकत राहते. चार तासांच्या आत रुग्णालय गाठून सुईने ते काळपट रक्त काढून घेतले पाहिजे. पहाटे सुरू झालेला त्रास लाजेपायी घरातही सांगितला जात नाही, आणि 36 तास उलटले की नैसर्गिक ताठरता परत येण्याची आशा फार थोडी उरते. सिकलसेल असलेल्याने ताठरतेची गोळी स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नये.

लिंगात तीन दंडगोल असतात. वरचे दोन स्पंजासारखे असून ताठरता त्यांच्यात भरणाऱ्या रक्ताची. तिसरा खालून जातो, त्यातून मूत्रनलिका जाते आणि त्याचेच पुढचे टोक म्हणजे शिश्नमणी. रोपण फक्त वरच्या दोघांत होते. सर्जन एकेक जाडीची सळई घालत दोन्ही पोकळ्या रुंद करतात, मागच्या टोकापासून शिश्नमण्याच्या खालपर्यंत लांबी मोजतात आणि त्या मापाची दांडी बसवतात. दांडीचा बराच भाग शरीराच्या आत, बैठकीच्या हाडालगत राहतो. स्पंज दबून बाजूला सरतो, म्हणून नैसर्गिक ताठरता पुढे येत नाही. हा निर्णय मागे फिरवता येत नाही हे नवराबायको दोघांनाही आधी स्पष्ट सांगावे. सिकलसेलमध्ये उशीर झाला असेल तर स्पंजाचा कडक चट्टा झालेला असतो, सळई आत शिरत नाही, आतून कापून वाट करावी लागते आणि लांबी कमी भरते.

स्पर्शाच्या नसा या दंडगोलांच्या आवरणाबाहेरून, वरच्या अंगाने जातात. त्यांना धक्का लागला नाही तर स्पर्श आणि सुखाचा कळस पूर्वीसारखाच राहतो. वीर्य प्रोस्टेट व वीर्यकोशातून येते, म्हणून वीर्यपतन आणि मूल होण्याची क्षमता रोपणामुळे जात नाही. रोपण कामेच्छा वाढवत नाही, लांबीही वाढवत नाही. उलट अनेकांना लिंग आखूड झाल्यासारखे वाटते. शिश्नमणी मऊच राहतो, कारण त्यात दांडी नसते.

प्रकार मुख्यतः दोन. सिलिकॉनची, आत धातूची तार असलेली दांडी हाताने वर-खाली वळवता येते. तीन भागांच्या रोपणात नळ्या, वृषणकोशातला पंप आणि ओटीपोटातली खारट पाण्याची टाकी असते. पंप दाबला की पाणी नळ्यांत येते. यात लिंग शिथिल असताना जास्त नैसर्गिक दिसते, पण पाणी गळणे किंवा पंप अडकणे हे धोके असतात. शहर दूर असलेल्या शेतकऱ्याला दांडी सोयीची, असे आमचे मत आहे: तीत गळण्यासारखे काही नाही. मात्र ती सतत घट्ट असते, म्हणून धोतर किंवा पँटखाली लंगोटात पोटाकडे वर वळवून ठेवावी. मधुमेहात स्पर्श मंदावलेला असेल तर टोक आतून त्वचेला किंवा मूत्रनलिकेला घासून भोक पाडू शकते आणि दुखतसुद्धा नाही.

शस्त्रक्रियेच्या वेळी सिकलसेलच्या रुग्णाला पाणी, ऊब आणि प्राणवायू कमी पडता कामा नये. नंतर सुमारे सहा आठवडे संभोग नाही, 16 लिटरचा फवारणी पंप पाठीवर नाही, कापसाची गाठोडी उचलणे नाही. सुरुवातीचे दुखणे हळूहळू उतरते. ते उतरून पुन्हा वाढले, त्वचा लाल झाली, पू आला किंवा वृषणकोशातला पंप कातडीला चिकटला तर जंतुसंसर्ग समजावा. तेव्हा बहुतेक वेळा रोपण काढावे लागते, आणि दुसरे बसवायला उशीर झाला तर पोकळी आकसते. पुढे कधी सिकलसेलचा झटका येऊन भरती व्हावे लागले, तर लघवीची नळी घालण्याआधी दांडी असल्याचे नर्सला सांगावे. जोर लावून घातलेली नळी मूत्रनलिका फाडू शकते.